समाधानाचे वातावरण

मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर दौलतराव इंगोल्यांचं पेपर विकायचं दुकान आहे. त्याच दुकानात बसून ते गेली एकतीस वर्षं अकोल्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवतात. सोयाबीनचे भाव, दर्ग्याचा उरूस, तहसीलवरचे मोर्चे, एसटीचे अपघात, सगळं त्यांच्या हातून गेलं. माणूस सरळ. बातमीपायी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही कधी. पण एक खोड होती. बातमीच्या शेवटी ठरलेलं एक वाक्य टाकायची हाताला सवयच लागून गेली होती. रस्ता मंजूर झाला की ‘परिसरात समाधानाचे वातावरण आहे’ आणि नाही झाला की ‘नागरिकांत तीव्र नाराजी पसरली आहे’. त्यासाठी ते परिसराला विचारायला कधी गेले नव्हते, आणि आम्हाला का विचारलं नाही म्हणून तक्रार घेऊन कोणी आलंही नव्हतं.

त्या डिसेंबरात मात्र आलं.

झालं असं, की मंगळवारी दुपारी अकोल्याहून उपसंपादकाचा फोन आला. पोपनं समलिंगी जोडप्यांबद्दल काहीतरी मोठं जाहीर केलंय, सगळ्या चॅनेलवर तेच चाललंय, तुमच्याकडे मिशनचा दवाखाना आहे ना, तर तिथल्या ख्रिस्ती लोकांची प्रतिक्रिया घालून तासाभरात दहा ओळी द्या. दौलतरावांनी मिशनमध्ये फोन लावला. फादर जोमोन अमरावतीला गेले होते. दवाखान्याच्या सिस्टर लुर्दिना एका बाळंतिणीपाशी होत्या. मग दौलतरावांनी शेजारच्या हॉटेलातल्या टीव्हीकडे पाहिलं. पडद्याखालून लाल पट्टी सरकत होती. तिच्यात जोडपी होती, आशीर्वाद होता, ऐतिहासिक हा शब्दही दोनदा येऊन गेला. जोडपं आणि आशीर्वाद एका ओळीत आले म्हणजे लग्नच, दुसरं काय असणार, असं दौलतरावांना वाटलं. त्यांनी दहा ओळी लिहून पाठवल्या. बुधवारी चौथ्या पानावर चौकटीत छापून आलं: ‘समलिंगी विवाहाला पोपची मंजुरी. मंगरूळपीर परिसरातील ख्रिस्ती बांधवांत समाधानाचे वातावरण’.

शुक्रवारी सकाळी सिस्टर लुर्दिनांची स्कूटी दुकानासमोर येऊन थांबली.

सिस्टर मूळच्या वसईकडच्या. साठी उलटलेली, अंगानं किरकोळ, नजर मोठी कडक. एकवीस वर्षांपूर्वी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. दौलतरावांशी त्यांची ओळख पेपरमुळे झाली. त्यांना रोज तीन पेपर लागायचे, आणि महिन्याच्या शेवटी त्या दौलतरावांच्या बातम्यांची कात्रणं लाल पेनानं तपासून आणून द्यायच्या. ऱ्हस्व, दीर्घ, चुकलेला काना. दौलतराव आधी चिडायचे, मग त्यांना त्याची वाटच पाहायची सवय झाली. बायको रत्नमाला म्हणायची, तुमची परीक्षा अजून संपलीच नाही.

त्या दिवशी सिस्टरांच्या हातात एकच कात्रण होतं आणि त्यावर लाल पेनाची एकही खूण नव्हती.

“हे ख्रिस्ती बांधव कोण, दौलतराव?” त्यांनी विचारलं.

दौलतरावांनी स्टूल पुढे केलं. सिस्टर बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की या तालुक्यात आमची घरं अकरा आहेत. सगळी मिळून मिशनच्या जीपच्या दोन फेऱ्यांत बसतात. त्या अकराही घरी मी काल जाऊन आले. दहा घरांना तुमची बातमी ठाऊकच नाही. तुरीवर अळी पडलीये, त्यांना पोपकडे बघायला सवड कुठं आहे.

“अन् अकरावं घर?” दौलतरावांनी सहज विचारलं.

आता सिस्टर स्टुलावर बसल्या. “अकराव्या घरात समाधान आहे,” त्या म्हणाल्या. “तेच सांगायला आले.”

अकरावं घर म्हणजे आसेगावचे फुलसिंग राठोड. दौलतराव त्यांना चांगले ओळखत होते. उंचापुरा, कमी बोलणारा माणूस. तांड्यावरून लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकायला आला, तिथंच ख्रिस्ती झाला. बाप्तिस्म्याचं नाव पीटर, पण ते फक्त चर्चच्या वहीत. अठ्ठावीस वर्षं त्यानं मिशनची जीप चालवली. तालुक्यातल्या कितीतरी बायका त्याच्या जीपमधून अकोल्याला पोचल्या म्हणून वाचल्या. दौलतरावांची आई रामीबाई हिला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा भर पावसाळ्यात नाल्याच्या पुरातून जीप काढणारा हाच फुलसिंग. ती पुढं सहा वर्षं जगली.

आणि फुलसिंगच्या घरात नानाजी होते. गावचे शिंपी. लहानखुरे, तोंडाचे फटकळ, गळ्यात कायम टेप. दोघं एका घरात कधीपासून राहायला लागले हे आता कोणाला आठवत नाही. तीस वर्षं तरी झाली असतील. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. आधी आधी लोक काहीबाही बोलले असतील, पुढं बोलायचं राहून गेलं. गावातल्या लग्नपत्रिकेवर दोघांची नावं एकाच ओळीत असायची. दौलतरावांनीही आपल्या लेकीच्या लग्नाची पत्रिका तशीच टाकली होती. या गोष्टीला काही नाव असतं, असं त्यांच्या मनात त्या वेळी आलंही नव्हतं. की आलं होतं, आणि त्यांनी ते पुसून टाकलं होतं? स्टुलावर बसलेल्या सिस्टरांकडे पाहताना त्यांना ते नक्की सांगता येईना.

“तुमचं कात्रण त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय,” सिस्टर सांगू लागल्या. “मला म्हणाले, सिस्टर, फादर कधी मोकळे आहेत? नाताळ झाला की या नाहीतर त्या बुधवारी चालेल काय? आणि नानाजींनी दोघांसाठी एकाच ताग्यातून शर्टाचं कापड काढलंय. मला दाखवलं. मलई रंगाचं.”

“तुमी काय म्हनल्या?”

“काहीच नाही. माझी जीभ उचलली नाही. चहा प्याले आणि निघून आले.”

मग त्यांनी पिशवीतून आणखी दोन पेपर आणि फादरांनी छापून दिलेले पोपच्या पत्रकाचे चार कागद काढून दुकानाच्या फळीवर पसरले. एका पेपरात लिहिलं होतं चर्चमध्ये क्रांती. दुसऱ्यात एका पंडितानं लिहिलं होतं, की चर्चनं धर्म बुडवला. तुमच्यात लग्नाला मंजुरी, सिस्टर म्हणाल्या. हे तिन्ही खोटं. त्यांनी चार कागदांवर बोट ठेवून एकेक मुद्दा समजावला, नवख्या पेशंटला औषध कसं घ्यायचं ते सांगावं तशा सावकाशीनं. कॅथलिक शिकवणीत लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, ते कालही होतं आणि आजही आहे. दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं शरीराचं नातं चर्च योग्य मानत नाही, तेही बदललेलं नाही. पण तशा माणसाला हिणवू नका, त्याच्यावर अन्याय करू नका, त्याला आदरानं आणि मायेनं वागवा, हेही त्याच शिकवणीत आहे आणि ते फार वर्षांपासून आहे. आता नवीन काय, तर अशी दोन माणसं धर्मगुरूकडे येऊन म्हणाली, की आम्हाला देवाची मदत हवी, तर तो त्यांना साधा आशीर्वाद देऊ शकतो. लग्नासारखा विधी नाही, कपडे नाहीत, हार नाहीत. दोन मिनिटांची प्रार्थना.

“एवढंच?” दौलतराव म्हणाले.

“एवढंच. पण एवढंसुद्धा पूर्वी नव्हतं.” सिस्टरांनी कागदांची घडी घातली. “पेपरवाल्यांना दोनच शब्द येतात, मंजुरी आणि बंदी. मधलं लिहायला जागा लागते, दौलतराव, आणि वाचायला धीर.”

चूक किती मोठी आहे हे दौलतरावांना कळत होतं, पण ती पानावरची चूक वाटत नव्हती आता. मलई रंगाचं कापड डोळ्यासमोरून हलेना. सिस्टर उठल्या. जाताना त्यांनी विचारलं, की आता हे फुलसिंगना कोणी सांगायचं? दौलतराव म्हणाले, तुमीच सांगा, तुमचा धर्म आहे. सिस्टरांनी स्कूटीची किल्ली फिरवली.

“धर्म माझा आहे. बातमी तुमची आहे.”

दौलतरावांनी त्याच दिवशी अकोल्याला दुरुस्ती पाठवली. चार ओळींची. सिस्टरांनी फोनवर शब्दन् शब्द सांगितला होता. उपसंपादक म्हणाला, परदेशातल्या बातमीची कसली दुरुस्ती करता, कोण वाचतंय. दौलतरावांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. शेवटी सातव्या पानावर, टेंडरच्या जाहिरातीखाली, चारातल्या दोन ओळी आल्या. उरलेल्या दोन कापल्या गेल्या होत्या, आणि त्यातलीच एक आशीर्वादाची होती. म्हणजे आता नुसतं एवढंच उरलं होतं, की चर्चनं अशा विवाहाला मंजुरी दिलेली नाही.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी त्याच उपसंपादकाचा पुन्हा फोन आला. तुमची पहिली बातमी मोबाइलवर खूप चालली, म्हणाला. तुमच्या भागात असं एखादं जोडपं सापडतं का बघा. खेड्यातलं, वयस्कर असलं तर फारच छान. फोटोसकट पहिल्या पानावर घेऊ, तुमच्या नावानिशी. दौलतरावांचं नाव पहिल्या पानावर शेवटचं आलं होतं ते महापुराच्या वर्षी. समोर आसेगावची बस लागत होती.

“आमच्याकडं तसं कोनी नाही,” ते म्हणाले.

नसलेल्या बातम्या त्यांनी पुष्कळ दिल्या होत्या. असलेली बातमी लपवायची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी फोन खिशात टाकला, दुकान रत्नमालाच्या हवाली केलं आणि बसमध्ये चढले.

आसेगावात फुलसिंगचं घर रस्त्याला लागूनच. ओसरीवर नानाजींचं शिलाई मशीन, बाजूला दोरीवर दोन मलई शर्ट. एक लांब, एक आखूड. दोघांच्या बाह्या जोडून झाल्या होत्या, कॉलर राहिली होती. नानाजींनी दौलतरावांना पाहिलं आणि बसा म्हणायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, की या पेपरवाले, तुमच्यापायी माह्यं काम वाढलं, या म्हाताऱ्याले आता कडक कॉलर पाह्यजे म्हनते. फुलसिंग आतून हसत बाहेर आले. जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाले. तुरीच्या सोल्यांची भाजी होती, ज्वारीची भाकर, वर कच्चा कांदा. दौलतराव जेवले. ताटावर बसून असली गोष्ट सांगायची नसते.

हात धुतल्यावर त्यांनी सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. टीव्हीची पट्टी, मिशनमध्ये कोणी न भेटलेला फोन, आपल्या मनानं टाकलेलं शेवटचं वाक्य. मग सिस्टरांनी समजावलेलं सगळं, जसं ऐकलं तसं. लग्नाला परवानगी नाही. शिकवण आहे तीच आहे. मी न विचारता लिहिलं, फुलसिंगभाऊ, माझी चूक झाली.

फुलसिंग खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर फारसं काही हललं नाही. नानाजींनी मात्र लगेच हात झटकला.

“आमाले कोनतं लगन पाह्यजे होतं. या वयात कोन वरातीत नाचते. शर्ट काही वाया नाही जात, संक्रांतीले घालू.”

“मले पाह्यजे होतं,” फुलसिंग म्हणाले.

नानाजींनी मशीनजवळची कात्री उचलली.

“लगन नाही,” फुलसिंग सावकाश बोलत होते. “मले पुढं जाऊन ख्रिस्तप्रसाद घ्याचा होता. पंचवीस वर्सं झाले, मी घेतला नाही. पेपरात वाचलं, मनलं आता घेता येईन.”

दौलतरावांना अर्थ नीट कळला नाही. फुलसिंगनी त्यांना समजावलं. मिसाच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेच्या वेळी सगळे पुढं जाऊन फादरांच्या हातून तो प्रसाद घेतात. त्याआधी मन साफ लागतं. म्हणून तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांकडे ते पापांची कबुली द्यायला गेले होते. फादर भले होते, रागावले नाहीत. फक्त म्हणाले, पश्चात्ताप कर आणि हे सोड.

“मी मनलं, फादर, दारू असती तं सोडली असती. मानूस कसा सोडू? अन् पश्चात्ताप होऊन नाही राह्यला तं होते म्हनून कसा सांगू? देवापुढं खोटं बोलू काय? तवापासून मांगच्या बाकावर बसतो. सगळे पुढं जाते, मी बसून राह्यतो.”

मशीनजवळ कात्री वाजली. नानाजींच्या हातून ती खाली पडली होती. ते फुलसिंगकडे असे पाहत होते, की जणू या माणसाला आज पहिल्यांदा पाहतायत.

“तू तं मले सांगतलं होतं का प्रसाद न घ्याचा नवस हाय म्हनून.”

“हो.”

“हे काहून नाही सांगतलं?”

“सांगून काय झालं असतं. तू गेला असता निंगून.”

“गेलो असतो.”

“म्हनूनच.”

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ आत आली आणि दोरीवरच्या शर्टांवर बसली. नानाजी उठले, दोन्ही शर्ट काढून झटकले, आणि घड्या घालता घालता त्यांनी पाठ फिरवूनच दौलतरावांना विचारलं, की तो दुसरा जो आशीर्वाद हाय, साधा, तो नेमका काय हाय? दौलतरावांनी पुन्हा सांगितलं. नानाजींनी पुन्हा विचारलं, की त्याच्यासाठी खोटं बोला लागते काय? दौलतराव म्हणाले, सिस्टर म्हणाल्या तसं तर लागत नाही. देवाची मदत हवी, एवढं मनात पाहिजे.

“थे तं हाय,” नानाजी म्हणाले. त्यांनी मशीनवरचं झाकण उचललं. “बुधवार उद्याच हाय ना? मी कॉलर लावतो. जे भेटते थे घेऊ. पंचवीस वर्सं माह्यापायी उपाशी बसला हा मानूस, अन् मी त्याले नवसाचा समजून राह्यलो होतो.”

फुलसिंग म्हणाले, प्रसाद भेटत नाही तर कायले जायचं, लोकाइले तमाशा. नानाजींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मशीन सुरू झालं.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास दौलतराव मिशनच्या आवारात पोचले, तर दोघं आधीच येऊन कडुलिंबाखालच्या बाकावर बसले होते. शर्ट नवे, कॉलर कडक, केसांना तेल. सिस्टर लुर्दिना दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या आणि हातातलं पेशंटचं रजिस्टर उगाच उघडझाक करत होत्या. फादर जोमोन बागेतून आले. पस्तिशीतला केरळचा माणूस, पायात चिखलाचे बूट, अंगात निळा स्वेटर. मराठी ते शाळेतल्या पोरांकडून शिकले होते, त्यामुळे कधी कधी गाडीला ‘तो’ म्हणायचे. आदल्या दिवशी दौलतरावांचा फोन आल्यावर सिस्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. बिशपांकडून धर्मप्रांताचं पत्र अजून यायचं होतं आणि कुठं कुठं धर्मगुरू याबाबत साशंक आहेत हेही त्यांना माहीत होतं. रात्रभर विचार केला, असं ते सिस्टरांना म्हणाले होते. माझ्या दारात दोन म्हातारे येऊन देवाची मदत मागतायत. त्यांना परत पाठव, असं पत्र मला अजून कोणी पाठवलेलं नाही.

फादर बाकासमोर खुर्ची घेऊन बसले. आधी त्यांनी कठीण गोष्ट सांगितली. ती गोड करून सांगितली नाही, याचं दौलतरावांना पुढं किती दिवस कौतुक वाटत राहिलं. मी शिकवण बदलू शकत नाही, ते म्हणाले. हे लग्न नाही. तुमचं नातं चर्चला मान्य झालं, असाही याचा अर्थ नाही. ख्रिस्तप्रसादाचं जे आहे ते तसंच आहे. चर्च तुम्हाला संयमानं राहायला सांगतं, आणि मी ते नाही सांगितलं तर मी तुम्हाला फसवलं असं होईल.

“गुडघ्यानं तो संयम कवाच शिकवला, फादर,” नानाजी म्हणाले.

फादरांना हसू आवरलं नाही. सिस्टरांनी रजिस्टरात तोंड घातलं. फुलसिंग मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, की फादर, तो मजाक करून राह्यला, पन मी सांगतो. मले आजही पश्चात्ताप होत नाही. हे ऐकून तुमाले आशीर्वाद द्याचा असन तं द्या, नाही तं आमी जातो, राग नाही.

फादरांनी बराच वेळ चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. मग विचारलं, “तुम्हाला देवाकडून काय पाहिजे?”

असा प्रश्न येईल असं फुलसिंगना वाटलं नसावं. त्यांनी विचार केला. “हा माह्याआधी नाही गेला पाह्यजे,” ते म्हणाले. “अन् मी आधी गेलो तं याले कोनी तरी पाह्यलं पाह्यजे. याले सैपाक येत नाही.”

नानाजींनी नव्या शर्टाची कॉलर सारखी केली.

“अन् मी हिंदू हाओ,” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. “मले चालते काय?”

चालतं, फादर म्हणाले. ते उठले. एक हात फुलसिंगच्या डोक्यावर ठेवला, दुसरा नानाजींच्या. स्वेटरची बाही कोपराशी विरलेली होती, ती दौलतरावांना तिथूनही दिसत होती. फादरांनी डोळे मिटले आणि त्या चुकतमाकत मराठीत प्रार्थना केली, की हे देवा, तुझी ही दोन लेकरं तुझ्याकडे आली आहेत. त्यांना आरोग्य दे, शांती दे. त्यांच्यात जे चांगलं आहे ते वाढव, जे तुला नको आहे त्यातून त्यांना तुझ्या वाटेवर ने. म्हातारपणात त्यांना एकटं ठेवू नको. मग दोघांवर क्रुसाची खूण केली. सिस्टर आमेन म्हणाल्या, फुलसिंग आमेन म्हणाले, आणि दौलतराव, ज्यांच्या घरात रोज सकाळी त्रिशरण म्हटलं जायचं, त्यांच्याही ओठांवर काहीतरी आलं. दोन मिनिटंही लागली नसतील.

फुलसिंग उठले नाहीत. तोंडावर दोन्ही हात घेऊन बसून राहिले. एवढा उंच माणूस, पण बाकावर बसलेला लहानसा दिसत होता. नानाजींनी गळ्यातला टेप काढला आणि उगाच बोटाला गुंडाळायला लागले. सिस्टर आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

निघताना दौलतराव सिस्टरांना म्हणाले, तुम्हाला हे पुरेसं वाटतं काय? मला विचाराल तर फादरांनी त्या माणसाला प्रसादासाठी पुढं बोलावायला पाहिजे. सिस्टरांनी सांगितलं, की माझा भाऊ वसईला असाच होता. तो घर सोडून गेला आणि कुणी थांबवलं नाही, मीसुद्धा नाही. तेव्हा मी नवखी होते, शिकवण पाठ होती. शिकवण मी आजही मानते, दौलतराव. पण एखाद्याला निरोप न देता जाऊ द्यायचं, असं तिच्यात कुठंच नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं होतं.

इतक्या वर्षांत भावाची गोष्ट दौलतरावांनी पहिल्यांदा ऐकली होती.

ही बातमी त्यांनी दिली नाही. पण त्यानंतर त्यांच्या बातम्यांत एक फरक पडला, जो अकोल्यात कुणाच्या लक्षात आला नाही. ते शेवटचं वाक्य येईनासं झालं. एखाद्या बातमीत यायचंच झालं तर ते आधी चार लोकांना जाऊन विचारून यायचे, आणि चारांचं मत चार तऱ्हेचं निघालं की तसंच लिहायचे. डेस्कवाले ते कापायचे. दौलतराव पुन्हा पाठवायचे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सिस्टरांनी त्यांना आणि रत्नमालाला मिशनमध्ये जेवायला बोलावलं. ते पोचले तेव्हा मिसा चालू होता. दौलतराव दाराशी उभे राहिले. मागच्या बाकावर फुलसिंग होते आणि त्यांच्या शेजारी नानाजी, हातात गाण्याचं पुस्तक उलटं धरून. प्रसादाच्या वेळी बाकंच्या बाकं रिकामी होऊन लोक पुढं गेले. फुलसिंग बसून राहिले. नानाजीही बसून राहिले. कोणी मागं वळून पाहिलं नाही.

नंतर कडुलिंबाखाली पंगत बसली. गुळाची पोळी होती. जांब गावची चंदाबाई, अकरांतल्याच एका घरची, पंचाहत्तरीची बाई, ताट घेऊन जागा शोधत होती. ती नानाजींपाशी येऊन थांबली आणि म्हणाली, सरक तिकडं, मले बसू दे, अन् माह्या नातनीचं पोलकं तू शिवून देशीन काय, वाशिमचा टेलर लय ढगळ शिवते. नानाजी सरकले आणि माप आना म्हणाले. बाईनं त्यांच्या ताटात आपली अर्धी पोळी टाकली, कारण तिला गोड चालत नव्हतं.

फुलसिंग सगळ्यात शेवटी चर्चमधून बाहेर आले. आत बाकांवरची पुस्तकं गोळा करत होते, रोजच्यासारखे.

“किती वेळ लावतं?” नानाजींनी लांबूनच ओरडून विचारलं. “पोळी थंडी होऊन राह्यली.”

फुलसिंग आले, चप्पल काढली, आणि दौलतरावांच्या शेजारी मांडी घालून जेवायला बसले.